एकशे वीस-ऐंशीचा हात

"काका, बोलू नका. बोललं की बीपी वर जातं."

"मी कुठं बोलतोय? मी एवढंच म्हणतोय, पट्टा जरा..."

"बघा, बोललातच."

मी तोंड मिटलं. ही सिस्टर दवाखान्यात लागून तीन महिनेसुद्धा झाले नसतील. तिनं मला मांडीवरची मांडी काढायला लावली होती, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसवलं होतं आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवायला सांगितला होता. त्याआधी पाच मिनिटं नुसतं गप्प बसवलं होतं. हे सगळं कुणाला, तर मला! गावातल्या सव्वीस दवाखान्यांची बीपीची यंत्रं तीस वर्षं मी दुरुस्त करतोय. मला कुणी नावानं ओळखत नाही, सगळे काटेवाले म्हणतात. पण पोरगी हसरी होती आणि मलाही घाई नव्हती. म्हटलं, होऊन जाऊ दे तिची हौस.

खरं तर मी आलो होतो त्यांचं काट्याचं यंत्र परत द्यायला. वर्षातून एकदा मी ते घरी नेतो, साफ करतो, रबरी नळी बदलतो, काटा जुळवतो आणि आणून देतो. तर त्याच्या जागेवर हे बॅटरीचं खोकं ऐटीत बसलेलं. बटण दाबलं की आपणच फुगतं, आपणच उतरतं आणि आकडे दाखवतं. डॉक्टरांनी परवाच आणलं होतं. ते बघून माझं डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू. मी सिस्टरला म्हटलं होतं, "ह्याला काय कळतंय? माझ्या हाताला लावून बघ. माझा हात एकशे वीस-ऐंशी. कधीही बघ, कुठंही बघ."

खोकं घुर्र करून फुगलं, सुस्कारा टाकून उतरलं. एकशे अडुसष्ट, खाली शंभर.

मी मोठ्यानं हसलो. "गेलं! पहिल्याच आठवड्यात गेलं."

सिस्टर हसली नाही. तिनं दुसऱ्या हाताला पट्टा लावला. एकशे चौसष्ट, अठ्ठ्याण्णव. मग तिनं मी आणलेलं काट्याचं यंत्र लावलं, कानाला नळ्या लावून ऐकलं. एकशे बावीस, चौऱ्याहत्तर.

"बघ," मी म्हटलं.

"पण काका, मग खरं कुठलं?"

"हे काय विचारणं झालं? माझं खरं."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? माझा हात एकशे वीस-ऐंशी आहे, त्यावरून."

"आणि तुमचा हात एकशे वीस-ऐंशी आहे, ते कशावरून?"

"यंत्रावरून," मी म्हणालो, आणि माझं मलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलं ते मात्र कळेना. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी पिशवी उचलली आणि निघालो. सिस्टर मागून म्हणाली, "काका, उद्या पुन्हा या. एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवायचं नसतं." मी हात हलवला. येतो असंही नाही आणि येत नाही असंही नाही.

आता माझ्या हाताबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा हट्टी आहे. हट्टी आहेच, पण त्याला कारण होतं.

मी हे काम शिकलो ते वस्तादांच्या हाताखाली. त्यांच्याकडे लाकडी पेटीतलं एक पाऱ्याचं यंत्र होतं. उभी काचेची नळी, तिच्यावर रेघा, आणि आत वर चढणारा पारा. ते यंत्र त्यांनी कधी कुठल्या दवाखान्याला दिलं नाही. ते फक्त इतर यंत्रं तपासायला. एका दुतोंडी नळीनं दुरुस्तीचं यंत्र आणि पाऱ्याचं यंत्र जोडायचं आणि एकाच फुग्यानं दोन्हींत हवा भरायची. पारा शंभरावर गेला की काटाही शंभरावर यायला हवा, पारा दोनशेवर गेला की काटाही दोनशेवर. नाही आला तर काट्याची डबी उघडून आतला बारीक स्क्रू फिरवायचा. हे सगळं झालं की शेवटची खात्री म्हणून वस्ताद यंत्र माझ्या दंडाला लावत. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. प्रत्येक वेळी एकशे वीस-ऐंशी. एकदा जोराचा ताप होता, तेव्हाही एकशे वीस-ऐंशी. वस्ताद सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, "ह्या पोराचा हात म्हणजे शिक्का मारलेलं वजन आहे." मला फार अभिमान वाटायचा. शाळेत कधी कुठल्या गोष्टीत पहिला आलो नव्हतो.

वस्ताद गेले आणि पेटी माझ्याकडे आली. पाच वर्षांपूर्वी आमच्या समोरचा रस्ता खणायला काढला, घर दिवसभर थरथरायचं, आणि एका दुपारी ती पेटी फळीवरून खाली आली. काच फुटली, पारा फरशीच्या फटींत गेला. दुसरी आणायला गेलो तर कळलं, पाऱ्याची यंत्रं आता कुणी बनवतच नाही. पारा विषारी म्हणून मोठ्या दवाखान्यांनीही काढून टाकली. मला हळहळ वाटली, पण काळजी वाटली नाही. पेटी गेली तरी हात होता की.

त्यानंतर वर्षभरात माझ्या लक्षात आलं, की यंत्रं पुढं धावायला लागली आहेत. माझ्या हाताला लावलं की एकशे सव्वीस दाखवायची, एकशे अठ्ठावीस दाखवायची. मी म्हटलं, हल्लीच्या मालात दम नाही, आतले पत्रे पातळ झाले. डबी उघडायची, स्क्रू केसभर फिरवायचा. काटा जरा आळशी व्हायचा, माझ्या हातावर पुन्हा एकशे वीसला थांबायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. सव्वीस दवाखान्यांतली सगळी यंत्रं एकाच दिशेला, एकाच वेगानं कशी बिघडतील, हा प्रश्न मला पडला नाही. आज सांगतानाही लाज वाटते. मी नुसता हल्लीच्या मालाला शिव्या घालत बसलो.

तर त्या दिवशी दवाखान्यातून आलो आणि पुढच्या खोलीत कामाच्या टेबलाशी बसलो. दुरुस्तीला आलेली आठ यंत्रं होती. सात माझ्या हाताखालून गेलेली, एक नवं, पलीकडच्या वस्तीतल्या एका डॉक्टरनं पहिल्यांदाच पाठवलेलं. मी एकामागून एक सगळी स्वतःच्या हाताला लावली. सातांनी एकशे वीसच्या आसपास दाखवलं. आठव्यानं दाखवलं एकशे सहासष्ट.

बाहेरून आलेली यंत्रं नेहमीच अशी वर दाखवतात. मी आजवर म्हणत आलो होतो, दुसऱ्या मेकॅनिकनं वाट लावलेली असते. पण हे यंत्र आणि ते खोकं, दोघांची तोंडओळख नसताना दोघं एकच सांगत होती. मी पुन्हा लावलं. पाच मिनिटं बसून लावलं. चहा प्यायचा राहू दिला, लघवीला जाऊन आलो आणि लावलं. एकशे अडुसष्ट. डोक्याचा भुगा झाला.

बायको चहा घेऊन आली. "अहो, आल्यापासून स्वतःलाच काय पट्टे बांधताय?"

"काही नाही. बस, तुझं बघतो."

ती स्टुलावर बसली. तिला बीपी आहे, तिच्या आईलाही होतं. आधी रोज एक अख्खी गोळी घ्यायची. पुढं दवाखान्यातही आणि घरीही तिचं बीपी खूपच खाली दिसायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. आम्ही खूश होतो. मी माझ्या यंत्रानं बघितलं, एकशे सव्वीस, शहात्तर.

"छान आहे," मी म्हटलं.

"पाय जड झालेत हो," ती म्हणाली. "संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्यांचे वळ तसेच राहतात. जिना चढताना दमही लागतो."

"वय झालं आपलं. बीपी तर उत्तम आहे."

"असेल," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच मी दारात होतो. पिशवीत दोन यंत्रं, एक माझं आणि एक ते पलीकडच्या वस्तीतलं. सिस्टर कुलूप काढत होती. मी म्हटलं, "आज माझा हात नको. तुझा हात दे."

"माझा कशाला?"

"तू तरुण आहेस. तुझं काही भांडण नाही कुणाशी."

ती हसत खुर्चीत बसली. स्वतःच पाठ टेकली, पाय सरळ केले. खोक्यानं दाखवलं एकशे बारा, बहात्तर. बाहेरच्या यंत्रानं दाखवलं एकशे दहा, सत्तर. मग मी माझं लावलं. कानात ठोका ऐकू आला, तेव्हा काटा ब्याऐंशीवर होता.

मी पुन्हा फुगवलं. पुन्हा ब्याऐंशी.

"तुला चक्कर येतेय का?" मी विचारलं.

"नाही."

"सकाळी काही खाल्लंस?"

"पोटभर."

"कधी अंधारी वगैरे?"

"काका," ती हळूच म्हणाली, "ब्याऐंशी असतं तर मी कुलूप उघडायला जिवंत... म्हणजे, आडवी असते मी. नीट उभी आहे की."

मी काट्याकडे बघत राहिलो. काटा शून्यावर होता, अगदी नेमका शून्यावर. यंत्र साफ होतं, नळी नवी होती, काचेवर एक डाग नव्हता. दुरुस्तीत खोट काढायला जागा नव्हती. आणि तरी ते धडधडीत खोटं बोलत होतं, आणि खोटं बोलायला त्याला मीच शिकवलं होतं. यंत्रं पुढं धावत नव्हती. माझं बीपी वर चढत होतं, आणि मी दरवर्षी सगळ्या गावाचे काटे मागे ओढत होतो.

मी घाबरलो. स्वतःसाठी नाही, ते सुचायला अजून वेळ होता. मला आमच्या स्टुलावर बसलेल्या बायकोचे पाय दिसले.

"काकूंचं बीपी कधी बघितलं होतं?" सिस्टरनं माझ्या मनातलं विचारलं.

"काल."

"कशानं?"

मी बोट दाखवलं.

बायकोला घेऊन आलो तेव्हा डॉक्टर आले होते. हे आमचे डॉक्टर भले माणूस. दारातच त्यांनी मोठी पाटी लावली आहे: मीठ कमी, चालणं जास्त. चार वर्षांपूर्वी त्यांच्या लक्षात आलं, की पेशंटांचं बीपी उतरायला लागलंय. त्यांना वाटलं पाटीचा परिणाम. त्यांनी मग सकाळी चालणाऱ्यांचा गट काढला, दर महिन्याला लोकांना माहिती सांगायला बोलावू लागले, आणि एका सभेत आकडे वाचून दाखवले की आपल्या भागात बीपी असलेले लोक जवळजवळ निम्मे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पहिल्या रांगेत होतो.

बायकोचं बीपी खोक्यावर एकशे बहात्तर निघालं, खाली एकशे दोन. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं, एकशे सत्तर. डॉक्टरांना सिस्टरनं सगळं सांगितलंच होतं. खाली वाकून त्यांनी बायकोच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला.

"सूज कधीपासून आहे?"

"बरेच दिवस झाले," बायको म्हणाली.

"मला सांगितलं नाहीत ते?"

"काटा चांगला दाखवत होता ना डॉक्टर. मग सांगायचं काय?"

लघवी तपासली, रक्त पाठवलं. दोन दिवसांनी कागद आले. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. बीपी दुखत नाही, म्हणून तर ते मोजावं लागतं. वर्षानुवर्षं जास्त राहिलं की आतल्या बारीक नळ्यांना त्रास होतो, डोळ्यांच्या, मेंदूच्या, मूत्रपिंडांच्या. तिची मूत्रपिंडं साधारण निम्मं काम करतायत. मी विचारलं, "आता बीपी उतरवलं तर परत पूर्ण होतील?" ते म्हणाले, "गेलेलं येत नाही. उरलेलं सांभाळायचं. गोळी नीट घेतली, मीठ कमी केलं, नियमानं तपासलं, तर उरलेलं पुष्कळ वर्षं पुरेल." गोळ्या बदलल्या. मलाही दोन वेगवेगळ्या दिवशी बीपी बघून गोळी लिहून दिली. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. घडी नीट बसेना.

"डॉक्टर, चूक माझी," मी म्हणालो.

"तुमची तर आहेच," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पण सगळ्यांचं एकदम कसं उतरलं, हे चार वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. चांगली बातमी असली की माणूस तपासत बसत नाही."

घरी आलो. बायकोनं चप्पल काढली आणि ती पाय पाण्यात टाकून बसली. मी समोर उभा. मला वाटलं आता चांगली झाडाझडती होणार, आणि खरं सांगतो, व्हावी असं वाटत होतं. ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला माहितीये, मला काय वाटायचं? मला वाटायचं मी नाटक करतेय. बीपी चांगलं, डॉक्टर म्हणतात छान, तुम्ही म्हणता उत्तम. मग ही बाई जिन्यात थांबते कशाला? आळशी झालेय मी, असं वाटायचं. पाय सुजलेले दिसत होते ना मला. रोज दिसत होते. मी माझ्या पायांना खोटं ठरवलं हो. तुमच्या काट्याला नाही ठरवलं."

मी टॉवेल आणून तिच्यापाशी ठेवला.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी दवाखाने पालथे घातले. प्रत्येक ठिकाणी जाऊन सांगायचं, तुमचं यंत्र बीपी कमी दाखवतंय, वापरू नका, मीच बिघडवलंय. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली, पुढं सवय झाली. कुणी रागावलं, कुणाचा विश्वासच बसेना. एक जुने डॉक्टर म्हणाले, "काटेवाले, तुमच्यावर माझा स्वतःपेक्षा जास्त भरवसा आहे, हे खूळ कुणी घातलं डोक्यात?" त्यांच्याशी मला वाद घालावा लागला, की बाबा रे, माझ्यावर भरवसा ठेवू नका. यंत्रं गोळा करून मी एका मोठ्या संस्थेकडे पाठवली, जिथं ती प्रमाणित उपकरणावर तपासून देतात. खरं तर दर वर्षीच तिथं पाठवायला हवी होती. ही सोय पहिल्यापासून होती, मला कधी गरज वाटली नव्हती.

आमच्या डॉक्टरांनी ठरवलं, की ज्यांच्या गोळ्या कमी केल्या, ज्यांना बीपी नाही म्हणून परत पाठवलं, त्या सगळ्यांना पुन्हा बोलवायचं. सिस्टरनं जुनी रजिस्टरं टेबलावर काढली. केवढा ढीग.

"काका, कधीपासून धरू?"

इथं माझी खरी पंचाईत झाली. काटा मी एका दिवसात मागे ओढला नव्हता, दर वेळी केसभरच. पहिल्या वर्षीचा फरक सहा-आठाचा असेल, तेवढ्यानं काही बिघडलं नसेल. की बिघडलं असेल? कुठल्या दुरुस्तीपासून तो फरक माणसाच्या अंगावर यायला लागला? मी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. लिहिणार तरी काय, तेव्हा मला मी बरोबरच वाटत होतो. मी म्हटलं, "तीन वर्षं धर." मग म्हटलं, "नको, पाच धर." मग म्हटलं, "मला सांगता येत नाही ग." सिस्टर पेन धरून बसली होती. माझा हात त्या दिवसांत नेमका किती होता, हे आता जगात कुणालाच माहीत नव्हतं.

"दीड वर्षानं रस्ता बुजवला ना, त्याच्या पुढच्या महिन्यापासून धर," बायको म्हणाली. ती तपासणीसाठी आली होती, बाकावर बसली होती. "माझी गोळी अर्धी केली ना, तो महिना. मी सोमवारी अर्धी सुरू केली. माझं तिथं चुकायला लागलं, तर बाकीच्यांचंही तिथूनच चुकलं असणार."

सिस्टरनं पानं उलटली. तो महिना सापडला, तो सोमवार सापडला. बायकोचं नाव होतं, पुढं डॉक्टरांच्या अक्षरात अर्धी गोळी. तिच्या खालून यादी सुरू झाली. चारशेच्या वर नावं निघाली.

"एकटीला किती दिवस लागतील तुला?" बायकोनं विचारलं.

"पेशंट बघून जमेल तसं करीन काकू."

"आण इकडं तो फोन. मला तसंही रोज यायचंच आहे."

तेव्हापासून ती रोज दुपारी दवाखान्यात जाऊन बसते. सिस्टर नंबर सांगते, बायको फोन करते, आणि मी शेजारी बसून वहीत नावापुढं खूण करतो. तिनं बोलायचं कसं ते पहिल्या दिवशीच ठरवलं. "नमस्कार, दवाखान्यातून बोलतेय. तुमचं बीपी पुन्हा बघायचंय, आमचं यंत्र बिघडलं होतं. घाबरू नका, गोळ्या मनानं वाढवू नका, बंदही करू नका. फक्त येऊन जा." मी म्हटलं होतं, माझं नाव सांग. ती म्हणाली, तुमचं नाव घेऊन त्यांचं बीपी उतरणार आहे का? काही लोक लगेच येतो म्हणतात. काही म्हणतात, आम्हाला काही त्रास नाही. त्यांना ती म्हणते, "मलाही नव्हता हो," आणि बहुतेक ते येतात. एका बस कंडक्टरचं एकशे नव्वद निघालं, तो नाही नाही म्हणत शेवटी आला होता. तो आला त्या दिवशी, एक तरी वेळेत सापडला म्हणून मला जरा हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

काल दुपारी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा नंबर होता. रजिस्टरात लिहिलं होतं, वय एकोणपन्नास, बीपी नाही, गोळी बंद. बायकोनं फोन लावला, नेहमीचं वाक्य सुरू केलं आणि मधेच थांबली. पलीकडचा आवाज मला बसल्या जागी ऐकू येत होता. कुणीतरी तरुण बोलत होतं. आई मागच्या वर्षी गेली, तो म्हणाला, सकाळी मशीनवर बसली होती, तशीच. मग त्यानं विचारलं, काही काम होतं का?

मी बायकोकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. कशानं गेली, ते डॉक्टरांनी काही सांगितलं का, हे तिनं विचारावं असं मला वाटत होतं, आणि विचारू नये असंही वाटत होतं. सिस्टर पान उलटायची थांबली होती. कुठल्याही कारणानं गेली असेल. तिचं बीपी तेव्हा खरंच चांगलं असेल. पन्नाशीत माणसं कशानंही जातात. मी मनातल्या मनात हिशेब लावत होतो, तेव्हाच्या काट्यात केवढा फरक होता, आणि मला तो लावता येत नव्हता.

"तू जेवलास का बाळा?" बायकोनं त्याला विचारलं.

तो बहुधा हो म्हणाला.

"तुझं स्वतःचं बीपी कधी बघितलंयस?" तो काहीतरी पुटपुटला. "मग येऊन जा. उद्या ये. दुपारी मी इथंच असते."

तिनं फोन खाली ठेवला. वहीत त्या नावापुढं काय खूण करायची ते मला कळेना, आणि पेन नुसतंच कागदावर टेकलेलं राहिलं. बायकोनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, बाईंच्या नावाखाली जागा करून बारीक अक्षरात लिहिलं: मुलगा, उद्या. मग तिनं सिस्टरला पुढचा नंबर विचारला.